कुलाबा कीं रायगड? आपल्या जिल्ह्याच्या नांवाची हकीकत

ह्या स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असतां एके रविवारीं मिस्सानंतर समितीची बैठक भरली होती. विषय अगदीं साधा होता. धर्मग्रामाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर आपल्या गांवांचा एक लहानसा नकाशा द्यावयाचा आणि त्याच्या खालीं जिल्ह्याचें नांव घालावयाचें, एवढेंच ठरावयाचें होतें. एक तरुण सभासद म्हणाला, "रायगड लिहा, त्यांत विचारायचें काय?" त्यावर समितींतले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनीं आपली सारी हयात रेल्वेच्या चाकरींत घालविली, ते किंचित् रागानेंच म्हणाले, "बाळा, माझा स्नानसंस्कार झाला तो कुलाबा जिल्ह्यांत. लग्न झालें तेंहि कुलाब्यांत. पन्नास वर्षांपूर्वीं ह्या देवळाचा पाया घातला त्या दिवशींहि हा जिल्हा कुलाबाच होता. इतिहासाच्या पानावर खोटें कशाला छापतां?" दोघेहि आपापल्या परीनें बरोबर होते. शेवटीं अशा वेळीं नेहमीं होतें तेंच झालें. "फादर, तुम्हीच काय तें सांगा," असें म्हणून सर्वांनीं तो निवाडा माझ्या गळ्यांत घातला.

मीं पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. त्या आठवड्यांत जें वाचलें, जें आठवलें व जुन्या वह्यांत जें सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. सुवर्णमहोत्सवाच्या अंकांत बांधकामाच्या व वर्गणीच्या हकीकती वाचावयास मिळतीलच. त्यांच्या जोडीला आपण ज्या भूमीवर उभे आहों तिच्या नांवाचीहि हकीकत असावी, असें मला वाटलें.

कुलाबा हें इंग्रजांनीं ठेवलेलें नांव, म्हणून स्वराज्य आल्यावर तें काढून टाकलें, अशी पुष्कळांची समजूत आहे. सेमिनरींत असेपर्यंत मीहि तसेंच समजत होतों. ही समजूत साफ चुकीची आहे. अलिबागच्या किनाऱ्यासमोर, भरतीच्या वेळीं पाण्यानें वेढला जाणारा आणि ओहोटी लागली म्हणजे ज्याच्यापर्यंत पायीं चालत जातां येतें असा जो जलदुर्ग आहे, त्याचें नांव कुलाबा. शिवाजीमहाराजांनीं आपल्या आयुष्याच्या अगदीं अखेरीस तो बांधावयास घेतला. पुढें सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं तेथें आपल्या आरमाराचें बळकट ठाणें केलें, आणि आंग्र्यांच्या राज्यालाच लोक कुलाबा म्हणूं लागले. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज ह्या दोघांनीं एकत्र होऊन कुलाब्यावर स्वारी केली, ती फसली व दोघांनाहि हात हलवीत परत जावें लागलें. शंभरांहून अधिक वर्षांनीं, १८४० सालीं, गादीला वारस नाहीं ह्या सबबीवर इंग्रजांनीं तें संस्थान खालसा केलें. १८६९ सालीं त्यांनीं ह्या मुलखाचा स्वतंत्र जिल्हा बनविला, तेव्हां नांव मात्र ज्यांचें राज्य बुडविलें त्यांच्याच किल्ल्याचें राहूं दिलें. म्हणजे १९८१ सालीं जें नांव गेलें तें परक्यांचें नव्हतें. मराठ्यांच्या आरमाराचें होतें. हें ऐकून आमच्या रेल्वेवाल्या काकांची छाती थोडी फुगली, हें सांगितलेंच पाहिजे.

परंतु काकांच्या बाजूनें निवाडा देण्याचीहि घाई करून चालणार नाहीं. १८६९ सालीं कुलाबा जिल्हा झाला तेव्हां कर्जत त्यांत नव्हतें, आणि कर्जतचा पेटा असलेलें खालापूरहि नव्हतें. आपला मुलूख ठाणें जिल्ह्यांत होता. पनवेल १८८३ सालीं कुलाब्याला जोडलें गेलें आणि कर्जत १८९१ सालीं. मुंबई सरकारनें त्या काळीं जे जाडजूड गॅझेटियरचे ग्रंथ छापले, त्यांत कर्जत, खालापूर व माथेरान ह्यांचीं वर्णनें शोधावयाचीं तर कुलाब्याचा ग्रंथ उघडून उपयोग नाहीं. तीं ठाण्याच्या १८८२ सालच्या ग्रंथांत आहेत. तेव्हां आपल्या तालुक्यांपुरतें बोलावयाचें तर कुलाबा हें नांव नव्वदच वर्षांचें. काकांच्या आजोबांच्या वडिलांना कुणीं "तुमचा जिल्हा कोणता?" असें विचारलें असतें, तर त्यांनीं "ठाणें" असें उत्तर दिलें असतें, आणि कर्जत कुलाब्यांत घातलें त्या वर्षीं कदाचित् त्यांनींहि कुणाजवळ कुरकुर केली असेल. ज्याला आपण जुनें म्हणतों तें बहुधा आपल्या लहानपणाइतकेंच जुनें असतें.

आतां रायगडाकडे वळूं. हा किल्ला महाड तालुक्यांत, आपल्यापासून बराच दक्षिणेस. त्याचें मूळ नांव रायरी. १६५६ सालीं जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर तो महाराजांच्या हातीं आला, आणि त्यांनीं त्याचें नांव रायगड ठेवलें. ६ जून १६७४ रोजीं तेथेंच त्यांचा राज्याभिषेक झाला. १६८९ सालीं औरंगजेबाच्या सैन्यानें गड घेतला, तेव्हां बादशहानें त्याचें नांव बदलून इस्लामगड केलें. ह्या बादशहाला नांवें बदलण्याचा मोठा सोस होता. साताऱ्याचा त्यानें आझमतारा केला, पुण्याचें मुहियाबाद केलें, सिंहगडालाहि एक लांबलचक फारसी नांव दिलें. आज त्यांतलें एकहि कुणाच्या तोंडीं नाहीं. परंतु हेंहि विसरतां कामा नये कीं, रायरीचा रायगड करणारे महाराजहि नांव बदलणारेच होते. आपल्या पश्चिमेला माथेरानापलीकडे जो प्रबळगड दिसतो, त्याचें पूर्वींचें नांव मुरंजन. तेंहि शिवकाळांत बदललें. फरक एवढाच कीं, एक नांव लोकांनीं उचललें आणि दुसरें टाकून दिलें. असें कां व्हावें, ह्याचा विचार मीं पुष्कळ केला. ज्याचें राज्य लोकांस आपलेंसें वाटतें त्यानें दिलेलें नांव टिकतें, असें म्हणावेंसें वाटतें; पण पुढें माथेरानची गोष्ट येणार आहे, ती ह्या सिद्धांताला चांगलाच धक्का देते.

१ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा हा रायगड जिल्हा झाला. त्या वेळीं मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, आणि ते ह्याच जिल्ह्याचे, म्हसळ्याकडील आंबेत गांवचे. औरंगजेबानें ज्या गडाला इस्लामगड म्हटलें, त्याचें महाराजांनीं दिलेलें नांव सबंध जिल्ह्याला मिळालें तें एका मुसलमान मुख्यमंत्र्याच्या कारकीर्दींत. नांवें बदलण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्यांतले कांहीं जण मनांतून बिचकतात. 'आज हें नांव गेलें, उद्यां आपल्या संतांचें नांव जाईल काय?' असा प्रश्न मला ह्याच देवळाच्या पायऱ्यांवर एकाहून अधिक वेळां विचारला गेला आहे. ती भीति पोकळ आहे असें मी म्हणत नाहीं. कांहीं ठिकाणीं नांव बदलण्यामागें शेजाऱ्याला खिजविण्याचाच हेतु असतो, हें डोळ्यांनीं दिसतें. परंतु १९८१ सालची गोष्ट त्या जातीची नव्हती. कुणाला पुसण्यासाठीं नव्हे, एका राजाचा गौरव करण्यासाठीं तें नांव दिलें गेलें. माझी तक्रार असलीच तर ती एवढीच कीं, त्या गौरवापायीं कान्होजी आंग्र्यांच्या दर्याचें नांव कागदावरून उतरलें. जिल्ह्याला अडीचशें किलोमीटरांच्या आसपास समुद्रकिनारा आणि नांव डोंगरी किल्ल्याचें! पण आम्ही कर्जत-खालापूरचे लोक डोंगराच्या कुशींतले. आमच्या वांट्याला समुद्र आलाच नाहीं. आमच्या खालापूर तालुक्यांतच उंबरखिंड आहे, जेथें २ फेब्रुवारी १६६१ रोजीं महाराजांनीं कारतलबखानाची फौज जंगलांत कोंडून शरण आणली. आम्हांला रायगड हें नांव जवळचें वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

नांव सरकारी हुकमानें एका दिवसांत बदलतें, पण तें मुरावयास फार वर्षें लागतात. लोकसभेच्या मतदारसंघाचें नांव कुलाबाच राहिलें, आणि तें थेट २००८ सालच्या पुनर्रचनेपर्यंत. ज्यांच्या कारकीर्दींत रायगड झाला ते अंतुले २००४ सालीं लोकसभेवर निवडून गेले ते कुलाबा मतदारसंघांतून. पुढें त्या मतदारसंघाला रायगड नांव मिळालें, तेव्हां कर्जत व खालापूर त्यांतून काढून घाटावरच्या मावळाला जोडण्यांत आलें. म्हणजे आपण कुलाब्याचे म्हणून मत दिलें, मावळचे म्हणून देत आहों, पण लोकसभेसाठीं रायगडचे म्हणून एकदांहि दिलें नाहीं! आणखी एक घोटाळा पत्रव्यवहाराचा. छत्तीसगडांत रायगढ नांवाचें शहर व जिल्हा आहे. इकडे कर्जत नांवाचा दुसरा तालुका अहमदनगर जिल्ह्यांत होता. त्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. मला आलेल्या पत्रांपैकीं एक नाताळचें कार्ड दोन्ही कर्जतांचे शिक्के घेऊन फेब्रुवारींत पोंचलें. पोस्टमननें तें देतांना माझ्याकडे अशा कींवेनें पाहिलें कीं, जणूं दोन कर्जत मींच वसविले होते.

हें हंसण्यावारी नेतां येतें. पुढची गोष्ट तशी नाहीं. आमच्या एका वाडींतली विधवा बाई निराधारांच्या पगारासाठीं कचेरींत गेली. जन्माचा दाखला तिच्यापाशीं नव्हता; होता तो स्नानसंस्काराचा उतारा. त्यावर जुन्या फादरांच्या सुंदर अक्षरांत लिहिलें होतें, "जि. कुलाबा". खिडकीवरच्या तरुण कारकुनानें तो वाचला व म्हणाला, "आजी, तुमचा जन्म मुंबईचा. इकडे कशाला आलांत?" त्याला ठाऊक असलेला कुलाबा एकच, समुद्रकांठच्या मोठ्या हॉटेलांचा. बाई तीन खेपा घालून आली. प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडाली. शेवटीं मीं धर्मग्रामाच्या कागदावर, शिक्का मारून, कुलाबा म्हणजेच आतांचा रायगड असें लिहून दिलें. तें कुणीं मानलें नाहीं, आणि खरें पाहतां मानावें तरी कां? जिल्हा कोणता हें ठरविणारा मी कोण? योगायोगानें त्या दिवशीं तेथें एक वरिष्ठ अधिकारी आले होते, ते अलिबागकडचे. त्यांनीं कागद पाहिला, मोठ्यानें हंसले व "अरे, माझ्याहि दाखल्यावर कुलाबाच आहे," असें म्हणून सही केली. त्या बाईचें काम झालें. परंतु अलिबागचा माणूस त्या दिवशीं तेथें आला नसता तर काय झालें असतें, हा विचार मला अजून सोडीत नाहीं. नांव बदलतांना सरकारनें पाट्यांचा खर्च हिशेबांत धरला असेल; ह्या बाईच्या तीन दिवसांच्या मजुरीचा धरला नव्हता.

आतां इंग्रजांनीं आपल्या भागांत खरोखर काय बदललें, तें पाहूं. गांवांचीं नांवें त्यांनीं फारशीं बदललीं नाहींत. त्यांनीं तीं मोडलीं. १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी सुरू झाली, आणि १८५६ सालीं रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत आले. त्या वेळच्या कागदांत खोपोलीची 'कॅम्पूली' झाली आहे, नेरळचें 'नारेल' आणि कर्जतचें 'कुर्जुत'. ज्या गांवीं नाना फडणविसांनीं तळें बांधून शिवालय उभारलें, त्या गांवाचें नांव गोऱ्या साहेबाच्या जिभेवर असें वांकडें झालें. पुढें १८७० नंतर हंटर नांवाच्या अधिकाऱ्यानें देशी नांवें इंग्रजींत नीट लिहिण्याची एक पद्धत बसविली, तेव्हां बरीचशीं नांवें सरळ झालीं. तरी कांहीं मोठ्या शहरांचीं राहिलींच. पूना, थाना, बॉम्बे हीं नांवें स्वराज्य मिळाल्यावरहि कित्येक वर्षें चालू होतीं. बॉम्बेचें मुंबई सरकारी रीतीनें झालें तें १९९५ सालीं. आपल्याला मराठींत बोलतांना ती कधींच बॉम्बे नव्हती, हें वेगळें. खोपोलीच्या फाट्यावर लौजी नांवाचें स्टेशन आहे, त्याची इंग्रजी अक्षरें अजून जुन्याच वळणाचीं आहेत. तीं वाचून कुणी उतारू गांवाचें नांव बरोबर उच्चारील, असें मला वाटत नाहीं. आणि कर्जत लोकलमधल्या माणसाला विचाराल तर १९९६ सालीं छत्रपति शिवाजी टर्मिनस झालेलें व २०१७ सालीं ज्याला 'महाराज' हें पद जोडलें गेलें, तें स्टेशन अद्याप पुष्कळांच्या बोलण्यांत 'व्हीटी'च आहे. त्यांत राणीवरची भक्ति नाहीं. दोन अक्षरांची सोय आहे.

इंग्रजांचीं खरींखुरीं नांवें पाहावयाचीं तर डोंगर चढून माथेरानला जावें लागतें. १८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा आपल्या चौक गांवीं तळ देऊन होता. तेथून तो डोंगर चढून गेला आणि माथ्यावरची हवा त्याला मानवली. मॅलेटनें माथेरान 'शोधून काढलें' असें पुस्तकांत छापतात. वर आधींपासून ठाकर व धनगर वावरत होते, पिसारनाथाचें स्थान होतें, 'माथेरान' हें नांवहि होतें. मग शोधलें तें काय? पण गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनींहि तेथें बंगला बांधला, पाठोपाठ साहेब लोक आले, आणि डोंगराच्या एकेका कड्याचें बारसें झालें. लुइझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, हार्ट पॉइंट, पोर्क्युपाइन पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, मॅलेटचा झरा, शार्लट तलाव. मधूनच चौक पॉइंट, रामबाग, गारबट अशीं देशी नांवें तग धरून राहिलीं. पुढें १९०७ सालीं सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें नेरळहून छोटी गाडी वर गेली.

गंमत अशी कीं, स्वराज्यांत मोठमोठ्या शहरांचीं नांवें बदललीं, पण ह्या कड्यांचीं राहिलीं. जेथें तीं राहिलीं तें माथेरान हें हुतात्मा भाई कोतवाल यांचें जन्मगांव. १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या जंगलांत पोलिसांच्या गोळीनें ते धारातीर्थीं पडले. अशा वीराच्या गांवीं कुणा साहेबांच्या व मडमांच्या नांवांचे कडे अजून जसेच्या तसे आहेत, हें प्रथम मलाहि खटकत असे. एकदां शार्लट तलावाजवळ एका घोडेवाल्याला मीं विचारलें, "बाबा, ही शार्लट कोण होती?" तो म्हणाला, "फादर, शार्लट म्हणजे तळें." मीं पुन्हा विचारलें, पण त्याचें उत्तर बदललें नाहीं. त्याच्या मनांत त्या नांवाच्या मागें कोणी बाई नव्हती, राणी नव्हती, राज्य नव्हतें. पिण्याचें पाणी होतें. त्या दिवसापासून मीं त्या नांवांवर राग धरणें सोडलें. कांहीं नांवांतून मालक निघून जातो आणि नुसती वस्तु उरते. अशीं नांवें बदलावींत कीं बदलूं नयेत, हें तेथें राहणाऱ्या लोकांनीं ठरवावें. आम्हां पायथ्याच्या लोकांना त्यांत पडण्याचें कारण नाहीं.

सगळीकडे मात्र एवढ्या शांतपणें हें होत नाहीं. आफ्रिकेंतील काँगो देशाची राजधानी बेल्जमच्या राजाच्या नांवावरून लिओपोल्डव्हिल म्हणून ओळखली जात असे. त्या राजानें काँगोच्या लोकांवर जे अत्याचार करविले ते आठवले म्हणजे तें नांव जाणें हें न्याय्यच होतें, आणि १९६६ सालीं त्याचें किन्शासा झालें. पण सत्ताधारी मोबुतू तेवढ्यावर थांबला नाहीं. १९७१ सालीं त्यानें देशाचें नांव झैर केलें, आणि १९७२ सालीं माणसांचीं नांवें हातीं घेतलीं. स्नानसंस्काराच्या वेळीं संतांचीं नांवें देण्याला त्यानें बंदी केली व धर्मगुरूंना तुरुंगाची धमकी दिली. स्वतः जोसेफ हें नांव टाकून त्यानें मोठी आफ्रिकन पदवी धारण केली. कार्डिनल जोसेफ मालुला यांनीं विरोध केला, तेव्हां त्यांना कांहीं महिने देश सोडून रोमला राहावें लागलें. हे मालुला कांहीं युरोपचे भाट नव्हते. उलट आपल्या लोकांच्या भाषेंत व संगीतांत मिस्सा व्हावी म्हणून झटणारे होते. शहराचें नांव राज्यानें बदलावें, पण आईबापांनीं लेंकराला दिलेल्या नांवावर राज्याचा हक्क नाहीं, असें मला वाटतें. १९९७ सालीं मोबुतू गेला व त्याच्यामागोमाग झैर हें नांवहि गेलें. किन्शासा मात्र राहिलें.

आतां आपल्या ख्रिस्तसभेकडे पाहूं, कारण दुसऱ्यांच्या घरांतलें सांगून आपलें झांकणें बरें नव्हे. आपण ज्या महाधर्मप्रांतांत येतों त्याचें शहर मुंबई होऊन तीस वर्षें झालीं, पण रोमच्या दफ्तरीं तो अजून बॉम्बेचाच आहे. मुंबईच्या हायकोर्टाचें इंग्रजी नांवहि तसेंच आहे, तेव्हां आपण एकटे नाहीं. घाटावरचा शेजारी धर्मप्रांत अद्याप 'पूना' म्हणविला जातो. परंतु २२ मे १९९८ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं मुंबईच्या महाधर्मप्रांतांतून उत्तरेकडचा भाग वेगळा केला, तेव्हां त्याला पोर्तुगीजांचें बसाइं अथवा इंग्रजांचें बॅसिन हें नांव न देतां वसई हेंच नांव दिलें. ज्या वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीजांनीं देवळांवर देवळें बांधलीं, तेथल्या भाविकांनीं आपल्या धर्मप्रांताचें नांव मराठी तोंडानें घेतलें, आणि त्यांच्या श्रद्धेंत रतिभरहि उणें आलें नाहीं. वर ज्यांच्या भीतीचा मीं उल्लेख केला त्या बांधवांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. पवित्र शास्त्रांतहि याकोबानें लूज गांवाला बेथेल म्हटलें, अब्रामाचा अब्राहाम झाला, शिमोनाचा पेत्र झाला. नांव बदलणें हें आपणांस नवें नाहीं.

ह्या सगळ्या घडामोडींत ज्यांचीं नांवें कुणीं बदललीं नाहींत, कारण कुणीं लिहिलींच नव्हतीं, अशाहि वस्त्या आपल्या दोन तालुक्यांत आहेत. कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या एखाद्या झाडावरून, ओढ्यावरून अथवा पहिल्या राहणाऱ्यावरून ओळखल्या जातात. जिल्हा ठाणें असो, कुलाबा असो कीं रायगड असो, जमिनीच्या कागदांत त्यांना जागा मिळण्यास फार उशीर झाला, व कित्येकांना ती अजून मिळावयाची आहे. आपल्या खालापूर तालुक्यांतली इर्शाळवाडी इर्शाळगडाच्या पोटाशीं कित्येक पिढ्या होती. तिचें नांव महाराष्ट्रभर पोंचलें तें १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगर तिच्यावर कोसळला तेव्हां. त्यानंतर पावसांत चढून गेलेल्या मदतकऱ्यांच्या तोंडीं, वर्तमानपत्रांत, विधानसभेंत तें नांव झालें. वांचलेल्यांसाठीं खालीं चौकच्या बाजूला नवीन घरें बांधलीं गेलीं. जें नांव आधींच कुणीं नीट नकाशावर घातलें असतें, तर त्या डोंगराकडेहि कुणाचें लक्ष गेलें असतें काय, हा प्रश्न शहरांच्या नांवांच्या वादापेक्षां मला मोठा वाटतो. आमच्या नकाशावर वाड्यांचीं नांवें सगळीं घालावीं, असा आग्रह मीं समितीपाशीं धरला, आणि तो सर्वांनीं मानला. तेथें एकमत व्हायला पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. छत्तीस नांवें मिळालीं. त्यांतलीं कांहीं आम्हांला पायीं जाऊन विचारून आणावीं लागलीं.

राहिला जिल्हा. ठरलेल्या रविवारीं मीं धर्मग्रामाची पहिली स्नानसंस्काराची वही बरोबर घेऊन गेलों. तींतल्या नोंदी कशा ठेवतात हें पुष्कळांना ठाऊक नसतें. एकदां शाईनें लिहिलेली ओळ खोडावयाची नाहीं, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. पुढें त्या माणसाचें दृढीकरण झालें, लग्न झालें, कीं तें बाजूच्या समासांत तारखेसह लिहावयाचें. मूळ ओळ तशीच राहते. मीं वही उघडून डिसेंबर १९८० ची शेवटची नोंद दाखविली: जिल्हा कुलाबा. पान उलटलें. जानेवारींतली पहिली नोंद त्याच फादरांच्या हातची होती, आणि तीवरहि प्रथम कुलाबाच लिहिलें होतें. मग त्यांच्या ध्यानांत आलें असावें, कारण शेजारीं समासांत बारीक अक्षरांत 'रायगड' असें घातलेलें होतें. कुलाबा खोडलेलें नव्हतें.

वही सर्वांच्या हातांतून फिरली. तरुण सभासदानें तिचा मोबाइलवर फोटो घेतला. नकाशाखालीं असें छापावयाचें ठरलें: "कर्जत व खालापूर. १८९१ पर्यंत जिल्हा ठाणें, १९८० अखेर जिल्हा कुलाबा, १ जानेवारी १९८१ पासून जिल्हा रायगड." हें वाचून दाखवीपर्यंत काका गप्प होते. मग चष्मा काढून म्हणाले, "फादर, सगळें ठीक. पण ठाणें कुणीं मागितलें होतें?"